चौथ्या वाट्याचं पाणी

मी एक जुना पाय आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यात हाड नाही, रक्त नाही, आणि आजवर मी एक पाऊलही चाललेलो नाही. गुडघ्याखालपासून पावलापर्यंतचा, उभा चिरलेला, पांढऱ्याचा पिवळट झालेला असा मी प्लास्टरचा पाय आहे. गेली सात वर्षं मी भाट्याच्या खाडीकाठी, भागोजीच्या पडवीत, वाशाला सुंभानं टांगलेला होतो. 'होतो' म्हणतो, कारण आज सकाळीच भागोजीनं मला खाली उतरवलं. माझ्या पोकळीत एक कोंबडी अंडी घालायची. तिला त्यानं हुसकावलं, अंडं उचलून फळीवर ठेवलं आणि मला नेऊन उखळापाशी आडवं केलं. मुसळ भिंतीला टेकलेलं मला दिसतं आहे. तेव्हा सांगायचं ते लगबगीनं सांगतो. तसाही स्वस्थ बसणं माझ्या घराण्यात नाही.

कारण असं घडलं. परवा भागोजीची बायको सोनूबाई विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हे मनगट ऐरंगैरं नव्हे. वाडीतल्या तीस घरांचे कुळीथ तेच भाजतं. कुळीथ भाजून, भरडून मग त्याची पिठी होते. भाजणं कच्चं राहिलं तर पिठी उग्र लागते, करपलं तर कडू. सोनूबाईच्या हातची पिठी कधी उग्र नाही आणि कधी कडू नाही. वाडीतल्या बायका तिच्या माघारी तिच्या नाकाला नावं ठेवतील, पण कुळीथ मात्र तिच्याच चुलीवर आणून टाकतील. माणसाची खरी किंमत अशीच मोजावी असं मला वाटतं.

डॉक्टर आगाशे गावातून आले. त्यांनी हाड जागेवर बसवलं, बांबूच्या कांब्या बांधल्या आणि हात अजिबात हलवायचा नाही असं बजावून गेले. संध्याकाळी फिरून येऊन बघतात तर कांब्या सैल केलेल्या आणि बाई चुलीपुढं.

"हे काय, सोनूबाई?"

"एक घाणा राह्यला होता, डाक्टर. सावित्रीकडचा. ती बिचारी माहेराला निघालीय, पिठी न्यायचीय तिला."

डॉक्टरांनी पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त कुळीथ दुसऱ्या घरचे. तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हिला सोडवता येणार नाही असंच काहीतरी घालायला हवं. प्लास्टर हवं. पण माझा डबा गेल्या आठवड्यात एका खारवी खलाशाच्या खांद्यात संपला, आणि आगबोट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. ऐक, भागोजी, उद्या संध्याकाळपर्यंत काही पक्कं बसलं नाही तर हे मनगट वाकडं धरेल. मग कुळीथ सोडा, स्वतःची वेणी घालायची पंचाईत होईल हिला."

भागोजीनं वर बघितलं. वर मी होतो.

"डाक्टर, ह्येच पुन्यांदा भाजलं तर?"

डॉक्टरांनी माझ्यावर बोट वाजवून बघितलं. म्हणाले, "होईल. पूर्वीइतकं कडक नाही, पण मनगटापुरतं होईल. भाजायचं मात्र जिच्या हातानं, तिचाच हात मोडलाय. भाजणार कोण?"

"मी," भागोजी म्हणाला.

आणि मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसलेली सोनूबाई इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती का हसली ते कळायला तुम्हांला भागोजी कळला पाहिजे, आणि त्याआधी थोडा मी.

माझं मूळचं नाव जिप्सम. वैद्य मला गोदंती म्हणतात, कारण मी गाईच्या दातासारखा पांढरा. माझं भस्म ते तापात आणि डोकेदुखीत मधातून चाटवतात. फार फार वर्षांपूर्वी एक खारा समुद्र उन्हानं आटत चालला होता. त्याच्या तळाशी मी बसलो, तोही मिठाच्या आधी. घाई ही माझ्या जन्मातच आहे. अंगानं मी इतका मऊ की नखानं ओरखडा निघतो. चुनखडीचे दगड मला हसायचे. पण माझं एक गुपित त्यांच्याकडे नव्हतं. मला पाच शेर घेतलंत तर त्यात एक शेर चक्क पाणी असतं. ते दिसत नाही, गळत नाही, बोटाला ओलही लागत नाही. बाहेरून बघाल तर मी कोरडा ठणठणीत दगड, आणि आत मात्र आटलेल्या समुद्राचं पाणी जपून ठेवलेलं. मोजून एक शेर. वर एक थेंब घेणार नाही, कमी एक थेंब चालवून घेणार नाही.

खाणीतून काढल्यावर आम्हा भावंडांची पांगापांग झाली. एकाचे खडू झाले, तो शाळेच्या फळ्यावर पाढे लिहीत झिजला. एक मुंबईला नाटकगृहाच्या छतावर वेलबुट्टी होऊन बसला आणि तिकीट न काढता नाटकं बघू लागला. एकाला देशावरच्या चोपण जमिनीत मिसळलं. तिथं पाणी मुरत नव्हतं, ते त्याच्यामुळे मुरायला लागलं. आणि एकाला सिमेंटच्या पोत्यात चिमटीचिमटीनं घातलं. सिमेंट हे फार उतावळं. पाणी लागलं की लगेच घट्ट व्हायला धावतं. माझा भाऊ त्याचा हात धरून म्हणतो, थांब जरा, गवंड्याला थापी फिरवू दे. आमच्या घराण्यात धिमा म्हणावा असा तो एकच.

मला भाजलं. माझ्यातल्या पाण्याचे चार वाटे करा, मित्रांनो. बेताच्या आचेवर त्यांतले तीन वाटे उडाले, चौथा राहिला. मी मऊसूत पीठ झालो. त्या दिवसापासून मला जी तहान लागली ती काय सांगू! गेलेले तीन वाटे परत मिळावेत एवढा एकच ध्यास. ते मिळाले की मी पुन्हा दगड होतो, तेही घटकाभरात. होताना अंग तापतं, किंचित फुगतं, आणि ज्याला चिकटून असेन त्याची रेघ न् रेघ उचलतं. त्यासाठी मला पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट दाबून, कोरडं ठेवावं लागतं. डब्यावर तसं छापलेलंही होतं.

असा मी सात वर्षांपूर्वी, चैत्रात, आगबोटीनं रत्नागिरीला आलो. बंदरात बोटीतून पडावात आणि पडावातून हमालाच्या डोक्यावर. समोर समुद्र बघून माझं पीठ थरथरलं. एका समुद्रातून निघालो तो दुसऱ्याच्या काठाला लागलो. डॉक्टर आगाशांचा दवाखाना लहानसा, पण त्यांना माझं कौतुक फार. त्याहून कौतुक त्यांच्या कंपाउंडरला, महिपतला. डॉक्टर व्हिजिटला बाहेर पडले की महिपत झाकण उघडायचा आणि आलेल्या-गेलेल्याला चिमटीनं दाखवायचा. "विलायती पीठ हाय. हाडं जोडतं." मग झाकण ठेवायचा, दाबायचा नाही. वर मलाच स्टूल करून बसायचा. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. वस्तू दाखवायला चार हात, सांभाळायला एकही नाही.

पुढं पाऊस लागला. कोकणातली पावसाळी हवा तुम्हांला ठाऊक आहे. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, चपलेला बुरशी येते. झाकणाच्या फटीतून ती दमट हवा आत यायची, आणि मी तहानलेला. खोटं कशाला बोलू? मी प्यालो. घोट घोट, चोरून, रोज थोडं. जो प्रत्येक आमंत्रणाला जाऊन चार घास खातो, त्याची घरच्या पंगतीत भूक मेलेली असते. तसं माझं झालं.

त्याच आषाढात भागोजी माडावरून पडला.

भागोजी भंडारी. माडावर चढण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. पायात काथ्याचा फास अडकवला की तो खारीसारखा वर. जमिनीवर मात्र त्याला करमत नसे. जेवताना तीनदा उठायचा. वाढलेला भात निवायची वाट बघणं त्याला शिक्षा वाटायची. वादळात शेजारच्या माडाची झावळ मोडून लोंबत होती. पाऊस उघडला की चढू, असं सगळे म्हणत होते. पाऊस उघडेपर्यंत थांबला तर तो भागोजी कसला! ओल्या खोडावरून पाय सुटला आणि नडगीचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी कांब्या बांधल्या. भागोजीनं दोनदा सोडल्या. एकदा खाज सुटली म्हणून, आणि एकदा गुरं परसात शिरली म्हणून. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी माझा डबा मागवला. जाळीदार कापडाच्या पट्ट्यांना मला चोळलं, पट्ट्या पाण्यात बुडवल्या, पायाला गुंडाळल्या. सगळे वाट बघत बसले. अर्धा तास झाला. तास झाला. मी आपला लगदाच.

"डाक्टर," भागोजी म्हणाला, "ह्ये घावनाचं पीठ हाय काय? तव्यावर टाकाय होयं होतं."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी डब्यात बोट घातलं. बोटाला गुठळ्या लागल्या. त्यांनी महिपतकडे बघितलं, आणि महिपतनं एकदम औषधाच्या बाटल्या पुसायला घेतल्या.

आगबोटी तेव्हाही बंद होत्या. घाटात दरड पडली होती. पायाला चार दिवसांची मुदत होती. डॉक्टरांनी पुस्तकात वाचून सांगितलं की हे पीठ पुन्हा भाजलं तर जिवंत होतं. 'भाजणं' म्हटल्यावर लोक कुणाचं तोंड बघणार? आप्पाचं. आप्पा म्हणजे सोनूबाईचा बाप; ती त्याला आबा म्हणते. खाडीकाठी शिंपल्यांचा चुना भाजणारा, चाळीस वर्षांचा भट्टीवाला. जांभ्याच्या चिऱ्यांची अर्ध्या गावाची घरं त्याच्या चुन्यावर उभी होती.

"पांढरं हाय म्हंजे चुन्याचंच भावंड," आप्पा मला हातात घेऊन म्हणाला. "दोन दिवस दम धरा. असा भाजून देतो, की पाणी लागल्याबरोबर उकळंल."

माझा अर्धा डबा त्यानं भट्टीत घातला. मित्रांनो, शिंपल्याला लागतो तो जाळ मला सोसत नाही. तीन वाटे गेले, आणि मग ज्याच्या आधारावर मला बाकीच्यांची आठवण राहते तो चौथाही गेला. माझा तो अर्धा भाग तहान काय असते तेच विसरला. पाण्यात घातला तर वाळूसारखा तळाशी जाऊन बसला. ना तापला, ना फुगला, ना धरला. आप्पानं परातीतलं पाणी बोटानं ढवळून बघितलं. मग पंचा खांद्यावर टाकून घरी गेला. चाळीस वर्षांत त्याचं भाजणं पहिल्यांदा वाया गेलं होतं, आणि तेही जावयाच्या पायासाठी.

आता अर्धाच डबा उरला आणि दोन दिवस. तेव्हा सोनूबाई पुढं आली.

"डाक्टर, ह्ये मला द्या. कुळथावाणी भाजून बघते."

"अहो, आप्पांना जमलं नाही ते..."

"आबा दगड भाजतात. मी खायचं भाजते."

डॉक्टरांनी दिलं. दुसरा उपायही नव्हता. तिनं लोखंडी कढई ठेवली, खाली दोनच लाकडं, आणि कालथ्यानं मला हलवत बसली. थोड्या वेळात मी उकळलो. पाणी नसताना पीठ उकळताना तुम्ही कधी पाहिलंय? दुधासारखे बुडबुडे येतात, मधे मधे वाफेची लहान कारंजी उडतात. बघायला जमलेल्या बायका दारात मागं सरल्या. सोनूबाई सरली नाही. तिनं पितळेचं थंड ताट घेतलं आणि कढईवर पालथं धरलं. ताटाला दंव आलं. पुसलं, हलवलं, पुन्हा धरलं. पुन्हा दंव, पण कमी. असं किती वेळ चाललं ते मोजायला मी शुद्धीवर नव्हतो. शेवटी ताटावर श्वास सोडल्यासारखी नुसती अंधूक छटा आली, आणि तिनं कढई उतरवली.

"अजून एक जाळ दे, बाय," आप्पा दारातून म्हणाला. तो परत आला होता, पण आत आला नव्हता.

"नको, आबा. कुळीथसुद्धा जरा आधीच उतरवायचा. उरलेलं भाजणं कढईच्या उष्णतेत होतं."

डॉक्टरांनी एका करवंटीत चिमूटभर मी घेतलो, पाणी घातलं, बोटानं ढवळलं. बघता बघता बोट फिरेना. त्यांनी करवंटी आप्पाच्या हातात दिली. "बघा. गरम लागतेय ना? चार वाट्यांपैकी तीन वाटे पाणी जायला हवं, चौथा राहायला हवा. तुमच्या भट्टीनं चारही नेले. तुमच्या लेकीनं चौथा ठेवला."

आप्पानं करवंटी गालाला लावली. "भट्टी माझी मोठी," तो म्हणाला, "पण अक्कल हिच्या कढईत हाय."

असा मी पाय झालो. तो क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. सगळी तहान एका दमात भागली. भागोजी ओरडला, "सोनू, ह्ये तापतंय गो! जित्तं हाय काय ह्ये?" मी त्याच्या नडगीला बिलगलो. त्याच्या पायाचे केस, जुन्या जखमेचा व्रण, फासानं घोट्याला पडलेला घट्टा, सगळं मी आतून उतरवून घेतलं. आजही ते माझ्यात आहे. भागोजीच्या पायावरचा व्रण आता पुसट झाला, माझ्यातला नाही.

पण मग सुरू झाली बेचाळीस दिवसांची गंमत. जगात ज्याला एक घटका बसवत नाही, त्याच्या पायाला मी दगड होऊन बांधलेला. सोनूबाई रोज सकाळी कोळशानं माझ्यावर एक रेघ ओढायची. भागोजी ती रेघ दिवसातून दहादा मोजायचा आणि दर वेळी एक जास्त मोजायचा. खाजवायला त्यानं झाडूची काडी आत घातली, ती आतच मोडली. वाडीतली माणसं भेटायला यायची आणि माझ्यावर टिचकी मारून जायची. बाबल्या नावाचा त्याचा सोबती तर म्हणाला, "भागोजी, गणपतीला येवढाच पाय रंगवून बसव, मूर्तीचा खर्च वाचंल."

एकोणिसाव्या दिवशी महिपत सहज येऊन बसला आणि सहज बोलून गेला, की प्लास्टरला पाण्याचं फार भय. दहा दहा वेळा झाकण उघडणाऱ्या माणसाला जीभ झाकता येईल अशी अपेक्षाच नको. तो गेला. सोनूबाई विहिरीवर. भागोजी सरपटत सरपटत पडवीच्या कडेला आला आणि त्यानं मला पागोळ्यांखाली धरलं.

मी काय करणार? एकदा दगड झालो की मला आणखी पाणी नको असतं. पण सतत धार लागली की मी विरघळतो, थोडा थोडा. टाचेकडून मी मऊ पडू लागलो. भागोजी बोटानं उकरत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "आजच्या आज मोकळा."

सोनूबाई हंडा घेऊन आली. तिनं पाहिलं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. हंडा ठेवला, आत गेली, कोयता आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"पाण्यानं येळ लागंल. ह्यानं फोडा."

भागोजीचं बोट उकरायचं थांबलं.

"फोडा तर. फक्त येवढं सांगा, उद्यापासून माडावर कोण चढणार? मी?" आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता तिनं खुंटीवरचा काथ्याचा फास घेतला, लुगड्याचा काचा घट्ट केला, आणि भर पावसात परसातल्या ठेंगण्या माडाला जाऊन भिडली. एक पाय. दुसरा पाय. खोड ओलं, पाय सवयीचे नाहीत. माणूसभर उंच गेली आणि पाय थोडा निसटला.

"उतर! अगो उतर! तुला माजी शप्पत! मरशील मेली!"

"मोकळं व्हायचंय ना तुमाला?"

"नाय! नाय व्हायचं! बेचाळीसच्या जागी शंभर दिवस बसतो, पण उतर!"

ती उतरली. कोपर सोलवटलं होतं. तिनं कोयता उचलून ठेवला, मला फडक्यानं पुसलं, चुलीच्या धगीजवळ वाळवलं, आणि जरा वेळानं माझ्यावर विसावी रेघ आजच ओढू का, असं विचारलं. भागोजी म्हणाला, "नको. एकोणीसच राहू दे."

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी मला उभा चिरला. पाय सरळ होता. काटकुळा, पांढरट, पण सरळ. दिवाळीनंतर भागोजी पहिल्यांदा ठेंगण्या माडावर चढला, आणि वरून त्यानं सोनूबाईच्या अंगणात मुद्दाम एक शहाळं आपटलं. मला त्यांनी सुंभानं बांधून टांगलं. वर्षभर लोक बघायला यायचे. नंतर पाली आल्या, कोळी आले, शेवटी कोंबडी. मी रोज वाऱ्यावर हलायचो आणि वाट बघायचो. कशाची ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता मुसळ उचललं गेलं आहे.

पहिला घाव टाचेवर. दुसरा, तिसरा. सात वर्षं जपलेल्या कोळशाच्या रेघा एकेक करून फुटल्या. भागोजी कापडाचे धागे वेचून काढतो आहे, मला फडक्यातून गाळतो आहे. आतली ती झाडूची काडीही सापडली. तो ती बघून ओशाळला. आता मी कढईत आहे. खाली दोन लाकडं. तिसरं त्यानं हातात घेतलं होतं, मग परत ठेवलं. सोनूबाई मधल्या घरात भिंतीला टेकून बसली आहे. तिला कढई दिसत नाही, म्हणून ती कानांनी भाजते आहे.

"वाफ आली काय?"

"आली."

"आली म्हंजे कशी? कारंजी उडतायत की नुसती धुमसतेय?"

"उडतायत."

"मग ढवळा. बसू नका टक लावून."

"ढवळतोय गो! हात मोडला तुझा, तोंड नाय."

दारात आप्पा आहे. म्हातारा झाला, पण भाजणं म्हटलं की त्याला घरी राहवत नाही. मी उकळतो आहे. पहिला वाटा गेला. दुसरा गेला. भागोजीच्या कपाळावरून घाम कढईच्या काठावर पडतो आहे आणि चर्र होतो आहे. त्यानं ताट धरलं. दंव. पुसलं. पुन्हा धरलं. दंव. पाचव्यांदा, सहाव्यांदा. त्याची मांडी हलते आहे, डावा पाय तळपायानं जमीन ठोकतो आहे. हाच तो पाय. मला त्याची नस न् नस ठाऊक आहे. आता तो उठणार. आता तो लाकूड सारणार. भात निवायची वाट न बघणारा माणूस माझी वाट कशी बघेल?

तो उठला नाही. ताट पुसून पुन्हा धरलं. आता नुसती अंधूक छटा. तिसरा वाटा संपत आला.

"एक जाळ दे म्हणू नये मी," आप्पा दारातून म्हणाला.

"मग नका म्हणू, मामा," भागोजी सासऱ्याला म्हणाला, आणि त्यानं कढई उतरवली. खाली ठेवली आणि तिच्यापाशीच बसून राहिला, कढईच्या उष्णतेत उरलेलं भाजणं होईपर्यंत. करवंटीत चिमूट घेतली, पाणी घातलं. बोट फिरलं, अडलं, थांबलं. त्यानं करवंटी आत नेली आणि सोनूबाईच्या गालाला लावली.

ती यावेळी हसली नाही. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "चौथा वाटा ठेवलात."

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं. भांडं असो, माणूस असो, मुकं जनावर असो, त्याच्याकडून काम घ्या, उन्हात राबवा, कोरडं करा. आमचं नाही काही म्हणणं. पण चौथा वाटा ठेवा. तेवढा ठेवलात तर मोडक्या-तोडक्यालाही पुन्हा उभं राहता येतं. आणि डब्याचं झाकण दाबून लावा. ते महिपतसाठी.

दुपारी डॉक्टर आले. आता मी पाय नाही. मी एका बाईचं मनगट आहे, अजून गरम, अजून ताजं. तिच्या हाताला कालथ्यानं पडलेला घट्टा मी आतून उतरवून घेतो आहे. भागोजीनं कोळशानं माझ्यावर पहिली रेघ ओढली. डॉक्टर गेल्यावर तासाभरातच सोनूबाईचे डोळे चुलीकडे वळले. दारात कुणीतरी कुळथाची टोपली ठेवून गेलं होतं. ती हळूच उठायला लागली.

भागोजीनं ते पाहिलं. आत गेला, कोयता घेऊन आला आणि तिच्यापुढं ठेवला.

सोनूबाई परत खाली बसली.